मानाचा वर्ग

सरांच्या स्मरणार्थ शाळेत गणित कक्ष करायचं ठरलं, तेव्हा लेख माझ्याकडे मागितला. तुम्ही त्यांचे विद्यार्थी, पुढे त्याच शाळेत मुख्याध्यापक, तुमच्याशिवाय कोण लिहिणार, असं म्हणाले. मी लिहून दिला. ऋषितुल्य, व्रतस्थ, हाडाचे शिक्षक, सगळे शब्द त्यात आहेत. लोकांना आवडला. इथे रोह्यात भाजी घेताना एकाने थांबवून सांगितलं की वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मी मान हलवली. घरी आलो आणि जेवलो नाही. त्या लेखात एका मुलीबद्दल अक्षर नाही. ते इथे लिहितो.

सर मूळचे रोह्याचे. मला त्यांनीच गणित शिकवलं. मी पहिल्या बाकावर असायचो, त्यांचा लाडका. पुढे आमच्याच संस्थेच्या पेणजवळच्या शाळेत मी शिक्षक म्हणून लागलो, तर सर तिथे बदलून आलेले. मुख्याध्यापकपद रिकामं झालं तेव्हा ज्येष्ठतेने ते त्यांचं होतं. त्यांनी लेखी नकार दिला. ‘मला कारकुनी नको, मी शिकवणारा माणूस.’ या नकाराने ते आणखी मोठे झाले आणि पद घरंगळत माझ्यापर्यंत आलं.

पदभार घेतला त्या दिवशी शिक्षकखोलीत गेलो. सगळे उठून उभे राहिले, सर बसलेले. मी सरळ त्यांच्याकडे गेलो आणि पायांवर डोकं ठेवलं. टाळ्या वाजल्या. ‘असे संस्कार पाहिजेत,’ कोणीतरी म्हणालं. मलाही भरून आलं होतं. आज त्या भरून येण्याचा मला संताप येतो. शाळा कोण चालवणार हे त्या वाकण्यात ठरून गेलं होतं, आणि टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येकाला ते कळलं होतं. मला सोडून.

दहावीचं गणित सरांकडे. शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा हे जसं गावात विचारायचं नसतं, तसंच आमच्याकडे दहावीचा वर्ग कोणाचा हे विचारायचं नसतं. तो मान असतो. दर जूनला वेळापत्रक करताना मी आधी तो मान लिहायचो, मग उरलेल्या चौकटी भरायचो. कोणाकडून मुलं जास्त शिकतात हा प्रश्न त्या कागदाला कधी शिवला नाही.

मुख्याध्यापकाने वर्गात बसून पाठ पाहायचा असतो. नव्यांचे मी पाहायचो. मागच्या बाकावर बसून, कपाळाला आठ्या घालून. सरांच्या वर्गाबाहेर व्हरांड्यात थांबलो, की ते फळ्यावरून मान वळवून म्हणायचे, ‘ये रे, काय काम काढलंस?’ मी म्हणायचो, ‘काही नाही, सर.’ आणि कार्यालयात येऊन शेरा लिहायचो, ‘पाठ अत्यंत प्रभावी.’

व्हरांड्यातून दिसायचं ते दिसायचंच. शिकवणं पुढच्या बाकांपुरतं. मागे खारेपाटातली मुलं, म्हणजे खाडीकाठच्या मिठागरवाल्यांची, आणि जोह्याच्या कारखान्यांत गणपती रंगवून हात रंगलेली. त्यांना एक प्रश्न, उत्तर नाही आलं की ‘उभा राहा’. तास संपेपर्यंत मागची भिंत उभ्या मुलांनी झाकलेली असायची. माझ्या लहानपणीही असंच असणार. मी पहिल्या बाकावरून कधी मागे वळून पाहिलंच नव्हतं.

नववीचं गणित एका तरुण बाईंकडे होतं. रामवाडीहून यायच्या. त्यांच्या वर्गात गलका. एकाने उत्तर दिलं की त्या दुसऱ्याला विचारायच्या, ‘तुला पटलं का? नसेल तर बोल.’ आणि मुलं बोलायची, भांडायची, फळ्याकडे धावायची. मी त्यांचा पूर्ण तास बसून पाहिला आणि लिहिलं, ‘वर्गनियंत्रण सुधारावे.’ बाईंनी वाचून सही केली.

‘सर, गणिताबद्दल काही लिहिलं नाहीत.’

‘पुढच्या वेळी,’ मी हसून म्हणालो.

ती मुलगी या वर्गातून दहावीत गेली. आईबाप मिठागरावर कामाला. शाळा उघडून थोडेच दिवस झाले होते. सरांनी फळ्यावर वर्गसमीकरणाचं सूत्र लिहिलं आणि पाठ करायला सांगितलं. ही उठली.

‘सर, हा सूत्र आला कुठशी?’

‘बस खाली.’

‘नाय समजला, म्हणून इचारला.’

‘सूत्र आलं पुस्तकातून. तू कुठून आलीस?’

वर्ग हसला. मुलगी हसली नाही. ‘मी खारेपाटातशी आले, सर. सूत्र कुठशी आला ता सांगा ना.’

वर्ग पुन्हा हसला. यावेळी तिला नाही.

सर खडू आणि डस्टर घेऊन माझ्या टेबलाशी आले. दोन्ही वस्तू समोर ठेवल्या. एरवी मला अरेतुरे करणारे सर म्हणाले, ‘मुख्याध्यापक, मला मोकळं करा.’ पन्नाशीकडे झुकलेला माणूस मी, पण त्या क्षणी पहिल्या बाकावरचा पोरगाच होतो आणि सर माझ्यावर रागावले होते.

मागोमाग बाई आल्या. शिक्षकखोलीतले दोघेतिघे दारात जमलेले. ‘सर, तिने उद्धटपणा केलेला नाही,’ बाई म्हणाल्या. ‘कुठून आलं ते विचारा, हे मीच शिकवलंय त्यांना. रागवायचं तर मला रागवा. आणि खरं सांगू, दहावीचं गणित मला देऊन बघा.’

दारातून एकजण म्हणाला, ‘घ्या, आता लेकीही वाटणी मागायला लागल्या.’ हशा पिकला. मी त्याला गप्प बसवलं नाही. बाईंना म्हणालो, ‘बाई, घर चालवायचं तर थोरल्यांचं मन राखावं लागतं.’

‘सर, ही शाळा आहे.’

मला तेव्हा हे आगाऊपणाचं वाटलं. आता वाटतं, माझ्या सगळ्या नोकरीत मला कोणी सांगितलेली एकच उपयोगाची गोष्ट हीच. आम्ही शाळेला कुटुंब म्हणतो. स्नेहसंमेलनात म्हणतो, निरोपसमारंभात म्हणतो आणि स्वतःच गहिवरतो. मुख्याध्यापक म्हणजे कुटुंबप्रमुख. त्याने कोणाला दुखवायचं नाही, घरातलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, लग्नघरातल्या यजमानासारखं प्रत्येकाचा मानपान बघत फिरायचं. कोणाची खुर्ची पुढे, कोणाचा नारळ, कोणाची शाल. या असल्या घरात पहिलं पान थोरल्याचं असतं आणि पोरांनी उरलेलं खायचं असतं. त्यांना काय उरलं हे मी एकदाही पातेल्यात वाकून पाहिलं नाही. आणि लोक मला चांगला मुख्याध्यापक म्हणत होते. अजून म्हणतात.

मी तोडगा काढला. मुलीने परिपाठाला सगळ्या शाळेसमोर सरांच्या पाया पडून माफी मागायची. सगळ्यांना तो सौम्य वाटला. छडी नाही, घरी पाठवणं नाही, नुसतं पाया पडायचं. सर मैदानातल्या ओट्यावर पाय जुळवून उभे राहिले. मुलगी आली. तिने हात जोडले.

‘सर, तुमाला राग आला, माफ करा. पन मना अजून समजला नाय.’

वाकली नाही. हात जोडून उभी राहिली. ते सूत्र पहिल्यांदा पाठ केलं तेव्हा मलाही ते कुठून आलं हे माहीत नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला तिचा राग आला. हे लिहायला लाज वाटते, पण रागच आला.

सर वर्गावर जाईनासे झाले. शिक्षकखोलीत पेपर वाचत बसायचे. पुढच्या बाकांचे पालक माझ्याकडे आले. संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला, ‘एका पोरीपायी शंभर टक्के निकाल घालवता का?’ दहावीचं गणित बाईंना द्यायला मला वेळापत्रकात एक ओळ बदलायची होती. सरांना नववी, बाईंना दहावी. तेवढंच. मी त्याऐवजी मुलीच्या आईला बोलावलं.

पावसात मिठागर बंद, ती लावणीच्या कामावरूनच आली होती, पायांना चिखल वाळलेला. मी समजावलं की मुलगी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसू शकते, अभ्यास घरी करायचा, वर्ष वाया जात नाही.

‘घरी कोन शिकवल? तिचा बापूस?’

‘पेणला क्लास लावा.’

‘क्लास नको लावायला म्हणून तं शालंत घातली. काय चुकला तिचा, ता सांगा आधी.’

‘मोठ्यांशी कसं बोलावं, हे—’

‘मास्तरालाच इचारलान ना तिनी? का रस्त्यावरच्या मानसाला इचारलान?’

मी टेबलावरची काच पुसत बसलो. ती उठली. मग दाराशी उभ्या मुलीला म्हणाली, ‘चल गो. इथं नाय सांगत कोन.’

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीपुढे मी ‘चांगली’ लिहिलं. कारणापुढे लिहिलं, ‘पालकांच्या विनंतीवरून.’ दुसऱ्या दिवशी सर वर्गावर गेले. मार्चमध्ये मुलं परीक्षेला बसली आणि निकाल शंभर टक्के लागला. लागणारच होता; मागच्या भिंतीची बरीच मुलं दरवर्षी अशीच सतरा नंबरला जायची. फाट्यावर बॅनर लागला, त्यावर सर मध्ये आणि मी बाजूला. सत्काराला शाल आधी सरांना, मग मला. त्याच हॉलमध्ये बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठून गेल्या ते मी व्यासपीठावरून पाहिलं. नंतर त्यांनी दुसरीकडे बदली मागून घेतली. मी अर्जावर शिफारस लिहिली, तेवढ्यावर सुटलो असं वाटलं.

मी निवृत्त होण्याआधी अलिबागला मुख्याध्यापकांचं प्रशिक्षण झालं. विषय, शैक्षणिक नेतृत्व. एका चुणचुणीत प्रशिक्षकाने विचारलं, गेल्या महिन्यात कितीजण वर्गात जाऊन बसलात. माझ्या शेजारचा मुख्याध्यापक म्हणाला, ‘आम्ही माणसं सांभाळतो हो, वर्ग आपोआप चालतात.’ सगळे खो खो हसले. मीही हसलो. भांडण त्या प्रशिक्षकाशी करायचं नव्हतं, शेजारच्याशी करायचं होतं. पण तो चांगला माणूस आहे, लग्नाकार्यात पुढे असतो, आणि त्याला दुखवायचं नव्हतं. हे माझ्या हाडात आहे. काढू म्हटलं तरी निघत नाही.

गेल्या वर्षी पेणच्या एसटी स्टँडवर एक बाई समोर आली. अंगात कंत्राटदाराचा निळा कोट, हातात डबा.

‘सर, वळखलात?’

ओळखलं. डोलवीला कंपनीच्या कँटीनमध्ये होती. सतरा नंबरचा फॉर्म भरलाच नव्हता. मी तिला म्हणालो की चूक माझी होती, तुझी नाही. म्हणालो, फॉर्म अजूनही भरता येतो, सगळं मी बघतो, फी, पुस्तकं, सगळं. एका दमात बोललो. इतक्या वर्षांत इतकं सलग बोललो नव्हतो.

ती हसली. ‘आता, सर? माझी पोर सातवीत हाय.’

‘तरी बस. जमेल तुला.’

‘तवा जमत व्हता.’ चिडून नाही म्हणाली, वेळ सांगावी तशी म्हणाली. मग डबा या हातातून त्या हातात घेत म्हणाली, ‘बाईंचा नंबर हाय का तुमच्याकडं? गनिताच्या बाईंचा. पोरीला त्यांच्याकडं पाठवीन म्हनते.’

माझ्याकडे नव्हता. त्या कुठे आहेत तेही माहीत नव्हतं.

‘बरा,’ ती म्हणाली. ‘इचारते कोनाला तरी.’ डोलवीकडे जाणारी गाडी लागली होती. शिफ्टला उशीर होत होता, ती गर्दीत शिरून चढली.