एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

आमच्या ह्यांच्या डोक्यात एक संख्या घर करून बसली होती. खरं सांगते, सवत परवडली असती! एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न.

हे म्हणजे दामोदर मास्तर, रोह्याच्या शाळेत गणित शिकवायचे. लहानपणी ह्यांच्या घरात सात भावंडं, आणि आई एकच पोह्याचा पापड सातजणांत मोडून द्यायची. त्यावरून ह्यांनी एकाला सातने भागून पाहिलं, तर दशांशचिन्हापुढे हेच सहा आकडे पुन्हा पुन्हा, संपायचं नाव नाही. "बघ सुहास, पापड संपतो, वाटणी संपत नाही!" लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय मी.

या संख्येला दोनने गुणा, तीनने गुणा, अगदी सहापर्यंत कशानेही गुणा. मंगळागौरीच्या फेरातल्या बायकांसारखे तेच सहा आकडे त्याच क्रमाने फिरतात, फक्त पुढे कोण ते बदलतं. सातने गुणलं की सगळे नऊ. आमच्याकडे पाहुण्याला चहाच्या आधी हा गुणाकार मिळायचा. आमच्या मुलासाठी, अंबरीशसाठी, मुलगी बघायला गेलो, तर पोह्यांची बशी हातात धरून ह्यांनी तिला पाचने गुणायला लावलं. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती बिचारी सून झाली, हे आमचं नशीब.

गेल्या पावसाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पेणच्या दवाखान्यात हलवलं. जीव वाचला, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर नाव विचारत, वार विचारत. हे आपले छताकडे बघत पडलेले. "हातपाय हळूहळू सुधारतील," डॉक्टर म्हणाले, "पण आतलं किती शाबूत आहे, ते बोलल्याशिवाय कळायचं नाही." माणूस समोर होता आणि तो आपलाच उरलाय की नाही, तेच कळेना.

तिथे जवळच्या गडब गावची एक नर्स होती, समीक्षा. ती म्हणाली, "काकी, त्यांच्या आवडीचं कायतरी बोला. गप बसून उपेग नाय."

देवाचं बोलून झालं होतं, नातीचं बोलून झालं होतं. शेवटी वैतागून म्हटलं, "बरं, घ्या तुमची ती टवळी! एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. दोनने गुणलं की दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा. तीनने गुणलं की चार लाख अठ्ठावीस हजार पाचशे... बहात्तर."

ह्यांच्या कपाळावर आठी पडली. फळ्यापाशी पोर चुकलं की पडायची, तीच. ओठ हलले.

"एका... हत्तर."

जड होतं, पण स्पष्ट होतं. समीक्षा धावत आली. "काकी, बोलले? काय म्हणाले?"

मला हसू फुटलं की रडू, देव जाणे. तिचे दोन्ही हात धरून मी म्हटलं, "मी चुकले म्हणतायत! अगो, मी चुकले!"