साडूंची आठ बाय चाळीस

दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालण्यात माझ्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सापडायचा नाही. पंधरा वर्षं त्यांच्यासोबत पाखरं पाहून मी हे सांगतो आहे. तुमसरच्या बाजारात ते धानाचे व्यापारी. मूठभर तांदूळ तळहातावर पसरून त्यात कणी किती, हे एका नजरेत सांगायचे आणि ते खरं निघायचं. तिथेच त्यांचं डोकं फिरलं असावं. आपला डोळा चुकत नाही, चुकलाच तर तांदूळ चुकला असेल, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांच्या गळ्यात कायम एक जुनी दुर्बीण असे. आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं चाळीस मिलिमीटरची, म्हणून तिचं नाव 'आठ बाय चाळीस'. लग्नाच्या पंगतीतही ती गळ्यातच. एकदा माझ्या मेव्हणीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ती काढून ठेवली तर हे पानावरच बसेनात. शेवटी दुर्बीण आली, मग मठ्ठा आला.

मी मास्तर माणूस. हौसेने वीस बाय पन्नास घेतली आणि मूर्खासारखी त्यांनाच आधी दाखवली. त्यांनी ती हातभर लांब धरून आभाळाकडे केली आणि मागच्या भिंगात उजेडाचा ठिपका केवढा दिसतो ते मला पाहायला लावलं. त्यांच्या दुर्बिणीत वाटाण्याएवढा, माझ्या दुर्बिणीत मुगाएवढा. "तेवढाच उजेड डोयात जाते, मास्तर. सांज झाली का तुमी आंधळे," ते म्हणाले. मग गच्चीवरून लांबच्या राइस मिलची पाटी वाचायला लावली. अक्षरं मोठी दिसत होती, पण माझ्या हाताबरोबर थरथरत होती. मग सुक्या झाडावरचा पाणकावळा. त्याच्या काळ्या पंखाला माझ्या भिंगातून जांभळी किनार दिसली, त्यांच्या भिंगातून नाही. निकाल त्यांनी सगळ्या घरासमोर दिला. "दाणा लांब हाये म्हणून तांदूळ चांगला नसते. तुमी मोठं पाहून राहिले, साफ नाही." माझी बायकोसुद्धा हसली. ते हसू मी विसरलो नाही.

नाकाडोंगरीच्या एका वनरक्षकाची दुर्बीणही त्यांनी त्याच्याच साहेबांसमोर अशीच नापास केली. तेव्हापासून घुबड कुठे बसतं ते तो माणूस आम्हाला सांगत नाही.

आणि दोन वर्षांपूर्वी हे स्वतःच्याच दुर्बिणीवर उलटले. म्हणे, कडा काळ्या पडून राहिल्या, आत बुरशी लागली. नागपूरच्या एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. त्याने पुसून परत केली, दोष काही नाही म्हणून कळवलं. साडूंनी त्याला फोनवर अडाणी ठरवलं आणि दुर्बीण पुन्हा पाठवली. या वेळी सोबत चिठ्ठी आली की भिंगं कडेपर्यंत स्वच्छ आहेत, एकदा डोळे दाखवून घ्या. त्यावर हे महिनाभर संतापलेले होते.

मला मात्र उकळ्या फुटत होत्या. ज्या दुर्बिणीने माझी शोभा केली तीच आता धन्याला दगा देत होती. घरोघर मी ही गोष्ट नक्कल करून सांगितली. त्या हिवाळ्यात जेवताना डाव्या हाताचा तांब्या त्यांनी दोनदा लवंडवला, अंगणातल्या सायकलीला धडकले. आम्ही म्हटलं, नजर कायम आभाळात, दुसरं काय होणार. सगळ्यात मोठ्याने मीच हसलो.

वर्षभराने मेव्हणीने त्यांना ओढून डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. नजर कडेकडून विझत आत येते, गेली ती परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकली तर टिकेल. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असता तर बरीच वाचली असती. ते वर्ष मी नकला करण्यात घालवलं होतं. पाखराच्या डोळ्याभोवतीचं कडं मला ओळखता येतं, आणि शेजारी बसलेल्या माणसाला डावीकडचं दिसत नाही हे ओळखता आलं नाही. याची मला शरम वाटते, अजून वाटते.

परवा त्यांनी मला स्कूटरवरून आंबागडजवळच्या तलावावर न्यायला लावलं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसलो. पलीकडच्या चिखलात सारसाची जोडी चरत होती. त्यांनी गळ्यातून दुर्बीण काढली आणि माझ्या हातात दिली. दुसऱ्याची दुर्बीण नापास करायची असल्याशिवाय पंधरा वर्षांत त्यांनी आपणहून ती कुणाला दिलेली मी पाहिली नव्हती.

"कडेपर्यंत पाहा," ते म्हणाले. "दिसते तेवढंच सांगा."

मी पाहिलं. करडी पिसं, लाल माना, कडेच्या लव्हाळ्याची पात न् पात. कुठे डाग नाही, कुठे काळोख नाही. धूसर आहे म्हणावं, असं फार वाटलं. पण तांदूळ पारखणाऱ्या माणसाशी खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

"साफ आहे, भाऊजी. पार कडेपर्यंत."

त्यांनी पाण्याकडे तोंड केलं. मग म्हणाले, "मंग त्या नागपूरवाल्याले फोन करा. म्हणा, त्याचंच बरोबर होतं. मी उगाच बोललो त्याले."

या माणसाने एकदा तरी आपली चूक कबूल करावी म्हणून मी पंधरा वर्षं वाट पाहिली होती. आता वाटलं, त्यांनी माझी वीस बाय पन्नास मागावी आणि पुन्हा एकदा सगळ्यांसमोर नापास करावी.

मी दुर्बीण परत त्यांच्या गळ्यात घातली. त्यांनी ती डोळ्यांना लावली नाही, नुसती हातात धरली.

"दोन्ही हायेत ना?" त्यांनी विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "मादी थोडी डावीकडे आहे."