अंगणातली नर्स

आमच्या गावात नर्स टिकत नाही, असं आमचे लोक रिसोडच्या बाजारात छाती ठोकून सांगत आणि वर सरकारच्या नावानं बोटं मोडत. खरं म्हणजे नर्सा आम्हीच पळवून लावल्या. त्यातली एक माझ्या बाळंतपणाच्या वेळी गावात होती.

सत्तरच्या दशकात आमचा जिल्हा अकोलाच. तिथून नेमणूक घेऊन, लोखंडी पेटी सांभाळत ती एसटीतून उतरली. वय माझ्याएवढंच. लोकांनी आधी आडनाव विचारलं. आडनावावरून जात कळली आणि गावातल्या साऱ्या रिकाम्या खोल्या एका दुपारीत धान्यानं भरल्या! शेवटी बौद्धांच्या वस्तीत एका घरानं तिला जागा दिली. तिथून ती पोटुशा बायांना तपासायला घरोघर फिरे. माझी सासू उंबऱ्यातूनच सांगे, "पोरगी बरी हाय. तू जाय आता."

मला सकाळी कळा सुरू झाल्या. कोणी न बोलावता ती पिशवी घेऊन आली. सासूनं तिला अंगणातच थांबवलं. आत सासूची चुलत जाऊ बाळंतपण करत होती. दुपार झाली तरी सुटका होईना, आणि मग बाळाचे आधी पाय दिसले. चुलतसासू ओरडली, "पाय आले वं!"

अंगणातून आवाज आला, "ताई, पाय आले का पयले? तुमी सोता एकदा म्हना, नर्स पायजे. मंग मी कोनाले इचारत नाही, आत येतो."

सासू माझ्याकडे पाहत होती. "म्हन ना," ती म्हणाली, "अन् मंग तिच्याच वस्तीत राहाले जाय."

मी तोंड उघडलं नाही. मला त्याच घरात राहायचं होतं.

मुलगा झाला. रडला नाही. "देव देतो अन् कर्म नेतं," सासू म्हणाली. मग बाहेर जाऊन, नर्स उभी होती तिथे तिच्या देखतच शेणाचा सडा टाकला.

महिन्याभरात नर्सनं बदली करून घेतली.

सव्वा महिन्यानं मी न्हाऊन उठले तशी सासऱ्यांनी जिल्ह्याला अर्ज लिहायला हाक मारली. ते सरपंच, मी सातवी पास, घरात अक्षर माझंच चांगलं. ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले, की आमच्या गावी नर्स राहण्यास तयार होत नाहीत, वेळेवर नर्स न मिळाल्याने माझा नातू दगावला, तरी नवीन नर्स त्वरित द्यावी.

'दगावला'पाशी माझा हात थांबला.

"काहून थांबली वं?" सासरे म्हणाले.

"मामाजी, नर्स तं अंगनातच होती."

"तुनं बलावलं होतं का तिले?"

नव्हतं. सासूचा राग मी जन्मभर केला, पण तोंड मीही उघडलं नव्हतं. मी पुढचं लिहिलं. शेवटी त्यांच्या सहीशेजारी, मयत बाळाची आई म्हणून, त्यांनी मला सही करायला लावली आणि मी ती वळणदार केली.