मावशींच्या ओठावरचा तीळ

फोटोवाल्या मावशींना कागदपत्रांबद्दल कोणी शिकवायला जायचं नाही. कर कार्यालयासमोरच्या त्यांच्या एवढ्याशा स्टुडिओत तीस वर्षांत अर्ध्या शहरानं स्टुलावर बसून हनुवटी वर केली होती. विवरणपत्र भरायला आलेला माणूस आधी त्यांच्याकडे डोकावायचा. "ओळखपत्र आणलंत? कर क्रमांकाचं कार्ड? पत्त्याचा दाखला? झेरॉक्सवर सह्या केल्यात? मग जा बिनधास्त," असं त्यांनी म्हटलं की तो खरंच बिनधास्त जायचा.

आज मात्र त्या स्वतःच रांगेत उभ्या होत्या, आयुष्यात पहिल्यांदा. नवरा गेल्या वर्षी गेला आणि स्टुडिओचा परवाना अजून त्याच्याच नावावर होता. तो मावशींच्या नावावर व्हायचा तर त्यांनी स्वतःचं विवरणपत्र भरल्याची पावती हवी, आणि मुदत आज पाच वाजेपर्यंत. नाहीतर धाकटे दीर टपूनच बसले होते. "वहिनी, कशाला या वयात डोक्याला ताप? मी मोबाइलची कव्हरं विकेन तिथं," म्हणाले होते. कव्हरं म्हणे! मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

खिडकीवरच्या साहेबांनी ओळखपत्र डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं.

"मावशी, हा फोटो तुमचा नाही."

"मग काय शेजारणीचा आहे?"

"इथं खूण लिहिलीय, वरच्या ओठावर डावीकडे तीळ. तो तुमच्या ओठावर आहे. फोटोत कुठाय?"

मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई! लग्न नवं होतं तेव्हा नवऱ्यानं त्यांना रिटचिंग शिकवलं होतं. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल हलक्या हातानं फिरवली की फोटोतला डाग गायब. शिकाऊ हात गिऱ्हाइकावर कसा चालवायचा? मावशींनी तो स्वतःवरच चालवला. वीस वर्षांची पोर ती, तो तीळ तिच्या डोळ्यांत खुपायचा. नवऱ्यानं फोटो पाहून एवढंच म्हटलं, "हात चांगला आहे तुझा." मग काय, तोच फोटो ऐटीत ओळखपत्रावर लागला. पुढं सगळे व्यवहार नवऱ्याच्या नावानं झाले आणि ओळखपत्र कपाटात पडून राहिलं.

पण गप्प बसतील तर त्या मावशी कसल्या! "साहेब, तुमच्या गळ्यातल्या कार्डावरचा फोटो कोणी काढला?"

"तुम्हीच की."

"मग त्यात गालावरचे मुरुमांचे खड्डे कुठायत? 'मावशी, जरा बघा ना' म्हणून कोण मागं लागलं होतं? आता सांगा, तुम्ही तरी तुम्हीच आहात का?"

रांग खो खो हसली. शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी आपलं कार्ड हळूच पालथं केलं. साहेब कानापर्यंत लाल झाले.

"मला पटतंय हो मावशी. पण कागदाला पटायला हवं ना? काहीतरी पुरावा आणा."

"आणते. पाचपर्यंत खिडकी लावलीत तर याद राखा."

आणि मावशी पदर खोचून रस्ता ओलांडून गेल्या. त्यांच्या स्टुडिओची एक रीत होती. प्रत्येकाचे दोन फोटो काढायचे, एकावर पेन्सिल चालवायची आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही, पहिला बिघडलाच तर असावा म्हणून. पत्र्याच्या पेट्यांवर वर्षं लिहिलेली होती. तिसऱ्या पेटीत तळाशी त्यांचं पाकीट सापडलं, आणि त्यात दुसरी निगेटिव्ह. मावशींनी ती उजेडावर धरली. तेच स्टूल, तीच साडी, तीच ताठ मान, आणि निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं होतं म्हणून ओठावर एक पांढरा ठिपका. पावणेपाचला त्या तिच्यावरून नुकताच छापलेला ओला फोटो चिमट्यात धरून, पाकीट काखेत मारून खिडकीपाशी हजर!

साहेबांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून भिंगातून पाहिले. "एकाच वेळचे आहेत. झालं काम," ते म्हणाले. मग पाकीट पालथं करून मागचं फिकट अक्षर आपल्या सरकारी आवाजात मोठ्यानं वाचू लागले. "क्रमांक दोनशे अकरा. दुसरी प्रत. हिच्या तिळाला पुन्हा हात लावायचा नाही. मला आवडतो."

कोणी हसलं नाही. अक्षर नवऱ्याचं होतं. तीस वर्षं शेजारी बसून काम केलं आणि एका शब्दानं बोलला नाही मेला!  मावशींना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

साहेबांनी शिक्का मारून पावती पुढं सरकवली. "हे पाकीट पुरावा म्हणून फाइलला लावतो."

मावशींनी खिडकीतून हात घालून ते ओढूनच घेतलं.

"फोटो ठेवा, निगेटिव्ह ठेवा, हवं तर मला इथं बसवून घ्या," त्या म्हणाल्या. "पाकीट मिळणार नाही."