निळे अण्णा आणि एक जुनं सील

निळ्या अण्णांची बोटं स्वच्छ अशी मी कधी पाहिलीच नाहीत. दोन गिअरचे दात नीट जुळतात की नाही हे बघायला एकाला निळा रंग लावून फिरवतात आणि दुसऱ्यावर डाग कुठे उठतो ते बघतात. बाकीचे तो रंग ब्रशने लावत, अण्णा बोटाने. माझ्या लग्नात निळ्या बोटांनीच अक्षता टाकल्या त्यांनी. डाग दाताच्या मधोमध उठला की "सरी", म्हणजे ठीक, एवढंच म्हणायचे. कडेला उठला की, "कडेने चावतोय हा. उघडा परत."

आमचा कारखाना चामराजपेटच्या मागच्या गल्लीत. बेंगळुरात समुद्र नाही आणि तुम्ही जहाजाची कामं करता, म्हणून लोक हसत. हसोत. जहाजाच्या नाकाजवळ पाण्याखाली एक आडवा पंखा असतो, त्याला थ्रस्टर म्हणतात. धक्क्याला लागताना तो जहाजाला बाजूला ढकलतो. जहाज गोदीत चढलं की तो उतरवत आणि मंगळूरहून लॉरीने आमच्याकडे पाठवत. अण्णा सातवी शिकलेले, मी चौथी नापास. आम्ही दोघांनी बांधलेला एकही थ्रस्टर गळून परत आला नव्हता. ही फुशारकीच आहे आणि ती मारायचा मला हक्क आहे.

पंख्याच्या दांड्याभोवती रबराचं सील असतं. आतलं तेल आत आणि समुद्र बाहेर ठेवायचा, एवढंच त्याचं काम. अण्णांची एक खोड होती. जुनं सील निघालं की ते चांगलं आहे का वाईट हे न बघता आधी ब्लेडने कापायचे आणि तुकडे पत्र्याच्या डब्यात टाकायचे. एकदा मी म्हटलं, अण्णा, हे तर नव्यासारखं दिसतंय. तर म्हणाले, "म्हणूनच कापतो. वाईट दिसणारं कोण परत बसवतं?"

पुढे मालकांचा मुलगा साहेब झाला. हातात लॅपटॉप, तोंडात घाई. अण्णा भाचीच्या लग्नाला तंजावरला गेलेले असताना एक थ्रस्टर आला. मी सील काढलं, ब्लेड उचललं, तेवढ्यात साहेबांनी माझा हात धरला. नवं सील यायला आठवडा आहे, लॉरी परवा निघणार, हेच धुऊन बसव म्हणाले. मी म्हटलं, अण्णांना विचारतो. तर हसून म्हणाले, "मारुती, स्वल्प अडजस्ट माडी." थोडं जमवून घ्या, असे हे शब्द या गावात बसमध्ये सीटवर सरकायला सांगताना म्हणतात. समुद्र कुणासाठी सरकतो? पण मी बसवलं.

अण्णा परत आले ते थेट डब्यापाशी गेले. थ्रस्टर गेला आणि डब्यात तुकडे नाहीत. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ते तसेच साहेबांकडे गेले, मंगळूरला फोन करा, जोडायच्या आधी उघडायला सांगा म्हणाले. साहेब म्हणाले, तुमच्या टेबलावरचं काम कधी गळलंय का अण्णा, उगाच घाबरता.

चार महिन्यांत गळलं. तेलात समुद्र शिरून ताकासारखं पांढरं झालं, गिअर खाल्ले गेले. जहाजवाल्यांनी लेखी मागितलं, सील कुणी बसवलं. अण्णा तेव्हा माझं नाव घेऊ शकले असते. माझ्या दोन्ही मुली शाळेत होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. साहेबांना ते माझ्यासमोर म्हणाले, "टेबल माझं, नाव माझं लिहा. पण जुनं सील कुणी बसवायला लावलं तेही खाली लिहा." साहेबांनी पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली नाही. त्या कागदावर अण्णांना घरी पाठवलं, आणि मी तिथेच उभा राहून नटबोल्टचे पाने पुसत होतो. बारा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. तेराव्याला मल्लेश्वरमला त्यांच्या घरी सगळे जुने कामगार जमलो. साहेबही आले, मोठा हार घेऊन. पंगतीत चार लोकांत बसून म्हणाले, अण्णा म्हणजे देवमाणूस, शेवटी वयामुळे एक चूक झाली, चालायचंच.

माझ्या हातातला घास पानावर पडला. मी उठलो. म्हटलं, "चूक अण्णांची नव्हती. ते सील मी बसवलं. आणि बसवायला तुम्ही लावलंत." साहेब मोबाईल बघायला लागले. मेलेल्या माणसाच्या अंगणात बसून त्याच्यावर ठपका ठेवायचा आणि वर पायसाची वाटी पुढे करायची, याला काय म्हणावं?

भिंतीशी अक्का बसल्या होत्या, अण्णांच्या पत्नी. त्या साहेबांकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. हळूच म्हणाल्या, "आम्हाला ठाऊक होतं मारुती. ते म्हणायचे, तो एक दिवस खरं लिहून देईल आणि स्वतः येऊन तसं सांगेल. दर दसऱ्याला तू यायचास. दर दसऱ्याला ते वाट बघायचे."

साहेबांवरचा माझा राग उतरलेला नाही आणि उतरू देणार नाही. पण त्या दिवशी मी पान तसंच ठेवून घरी आलो आणि नातीकडून वही मागून घेतली. कागदावर राहून गेलेली दुसरी ओळ ही अशी: जुनं सील मारुतीने बसवलं, साहेबांच्या सांगण्यावरून, अण्णा गावात नसताना.