तारीखमामांची तारीख

"मेलेले कासा आल्यावर सांग. आधी जन्मलेले काढ," सुक्या मासळीच्या काकू आपली पाटी सीटखाली सारत म्हणाल्या, आणि ड्रायव्हरशेजारी बसलेल्या गृहस्थांनी अतिशय गंभीरपणे "बरं, आधी जन्मलेले," म्हणत घसा साफ केला. डहाणू रोडहून कासाला जाणाऱ्या त्या जीपमधला माझा पहिला दिवस होता. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नुकतीच नोकरी लागली होती, आणि चारोटी नाका येईपर्यंत आपल्याशी कोणी काही बोलू नये एवढीच माझी इच्छा होती. ती पूर्ण झाली, कारण कोणालाच बोलायला वाव नव्हता. आशागड येईपर्यंत त्या तारखेचे एक गणिती, दोन गायिका आणि परदेशातला एक राजा असे सगळे जन्माला येऊन गेले होते. राजाच्या जन्मावर काकूंनी "त्याचा काय उपयोग?" एवढंच विचारलं.

पृथ्वीवर जन्मलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला या गृहस्थांनी स्वतः हाताला धरून आमच्या जीपमध्ये चढवलं आहे, असं मी म्हटलं तर वाचणाऱ्यांना ती अतिशयोक्ती वाटेल. जीपमधल्या कोणालाही वाटणार नाही. त्यांना सगळे तारीखमामा म्हणतात. कासाच्या एका सरकारी कचेरीत ते आवक-जावक बघायचे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचे. सकाळी रबरी शिक्क्याची तारीख पुढे सरकवणं हे त्यांचं पहिलं काम. एकदा रुग्णालयाचं एक पाकीट द्यायला मी लवकर गेले, तेव्हा ते काम चालू होतं. त्यांनी शिक्का फडक्याने पुसला, दोन बोटांनी चाक फिरवलं, कोऱ्या कागदावर एक ठसा उमटवला, तो हात लांब करून पाहिला आणि म्हणाले, "झाला दिवस सुरू." घड्याळात दहा वाजत आले होते, ऊन चांगलं वर आलं होतं, तरी तोपर्यंत दिवस सुरू झाला नव्हता असं मलाही क्षणभर वाटलं.

दिनविशेष सांगण्याची त्यांची पद्धत रेडिओसारखी नव्हती. रेडिओ माणसं जन्माला घालून पुढे जातो. मामा त्यांना आमच्यात बसवायचे. जीपमधल्या नेहमीच्या कोणाचा वाढदिवस असला की त्या दिवशी जन्मलेल्या थोरांच्या यादीत ते त्याला बिनदिक्कत घुसवत. आशागडला चढणाऱ्या अंगणवाडीच्या बाईंच्या धाकट्या मुलीचा वाढदिवस आला तेव्हा ते म्हणाले, "आजच्या दिवशी दुर्बिणीतून आकाश बघणारा एक मोठा शास्त्रज्ञ जन्मला, आणि आपली पिंकी जन्मली. दोघांचंही घरात लक्ष नाही." बाईंना हे इतकं पटलं की पिंकीला गणितात कमी मार्क पडले तरी त्या वर आकाशाकडे बघून सुस्कारा सोडतात. आणि एखादा दिवस हलका निघाला, म्हणजे जगात त्या तारखेला फारसं काही झालेलं नसलं, तरी मामा हार मानत नसत. "आज दिवस हलका आहे," असं आधी कबूल करायचे, आणि मग सांगायचे, "पण आजच्याच दिवशी या जीपचा मागचा टायर गंजाडच्या अलीकडे फुटला होता, आणि काकूंचे बोंबील रस्ताभर सांडले होते." हे ऐकलं की लगेच ड्रायव्हरभाई स्टिअरिंग सोडून हात जोडायचा. "मामा, ए वात जवा दो ना! दरवर्षी काय तेच?" मामा म्हणायचे, "इतिहास आहे तो. मी काय करू?" काकू म्हणायच्या, "इतिहास तुझा, बोंबील माझे."

त्यांच्या माहितीत चुका नसत असं नाही. एकाच तत्त्वज्ञाला त्यांनी एका वर्षात दोनदा जन्माला घातलेलं मी ऐकलं आहे. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे अशी चूक मनातल्या मनात पकडण्याची मला वाईट सवय आहे, पण बोलायची सवय नाही, म्हणून तत्त्वज्ञ दोनदा जन्मले आणि कोणाचं काही बिघडलं नाही. उलट मामा सनावळी मराठीत सांगत, 'एकोणऐंशी' म्हणत, आणि मी पर्सच्या आड बोटांवर हिशेब करत बसे तेव्हा ते आरशातून बघत. पुढच्या वेळी मागे न वळता हळूच म्हणत, "सेव्हन्टी नाइन." ते कोणासाठी म्हटलं हे जीपला कळत नसे. मला कळे, आणि मी खिडकीबाहेर बघे.

त्यांच्या एकूण साम्राज्यात एकच जागा रिकामी होती, ती म्हणजे मी. जीपमधल्या नेहमीच्या सगळ्यांच्या तारखा त्यांच्याकडे होत्या. काकूंच्या नातवाची, ड्रायव्हरभाईच्या लग्नाची, इतकंच काय, जीपच्या पासिंगचीसुद्धा. माझी नव्हती. आणि मी ती देणार नव्हते. याचं कारण सांगायला लाज वाटते, इतकं ते लहान आहे. आमच्या शाळेत ज्याचा वाढदिवस असेल त्याला गणवेश सोडून रंगीत कपडे घालून प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं करत. शाळा गाणं म्हणायची आणि आपण हसायचं. मी दरवर्षी त्या सकाळी पोट दुखतंय म्हणून सांगायचे. तेव्हापासून वाढदिवस ही माझ्या दृष्टीने लपवून ठेवायची गोष्ट झाली. मामांनी पहिल्या वर्षी सरळ विचारलं. मी म्हटलं, "आहे कधीतरी." दुसऱ्या वर्षी त्यांनी चढाईची दिशा बदलली. "रास कुठली मॅडम?" "माहीत नाही." "स्वेटर घालून केक कापता की पंखा लावून?" "केक कापत नाही." "बरं, नुसता महिना द्या. तारीख माझी मी शोधतो." काकू वैतागून म्हणाल्या, "अरे, पोर नाही सांगत तर सोड ना! तिच्याकडून काय, सातबारा मागतोस?" तेव्हा मामा जे म्हणाले ते मी विसरले नाही. ते म्हणाले, "ज्याच्याकडे आहे त्याने ती लपवावी, याचंच मला नवल वाटतं."

त्या वाक्याचा अर्थ मला त्याच वर्षी एक जूनला कळला. त्या दिवशी मी जीपमध्ये चढले तर आत जत्रा भरलेली. जो तो दुसऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होता. काकूंचा वाढदिवस, ड्रायव्हरभाईचा वाढदिवस, बाईंच्या नवऱ्याचा वाढदिवस, गंजाडला उतरणाऱ्या दोन अनोळखी माणसांचाही वाढदिवस. ड्रायव्हरभाईने सगळ्यांना चिकू वाटले. माझा चेहरा बघून तोच म्हणाला, "मॅडम, तुमच्या शाळेत बर्थ सर्टिफिकेट लागतं. आमच्या टायमाला हात लागायचा." मग स्टिअरिंगवरचा एक हात डोक्यावरून पलीकडे नेऊन त्याने दुसरा कान धरून दाखवला. असा कान धरता आला की पोर शाळेत घालण्याजोगं झालं. मग गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, पावसातला. किंवा, महालक्ष्मीची जत्रा होऊन गेली होती. गुरुजी मान डोलवायचे आणि लिहायचे, एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणजे वयाचं गणित सोपं. "म्हणून अर्धा तालुका एक जूनचा!" काकू चिकू सोलत म्हणाल्या. "मोठ्या लोकांना एकेकटं जन्माला यावं लागतं. आम्ही सगळे मिळून आलो."

सगळे हसले. मामा हसले नाहीत. त्या दिवशी ते पुढची जागा सोडून मागे, माझ्या समोर, गुडघे आखडून बसले होते. वर्षातला तो एकच दिवस ते दिनविशेष सांगत नसत. कागदावर त्यांचाही जन्म एक जूनचाच होता. ड्रायव्हरभाईने चिकू पुढे केला तेव्हा त्यांनी घेतला, पण म्हणाले, "वाढदिवसाचा म्हणून नको. चिकू म्हणून देत असशील तर दे." आणि मग चिकूची बी हातात फिरवत, जणू स्वतःशीच, म्हणाले, "ती तारीख शाळेची आहे. माझी अजून मिळायची आहे."

ती शोधायचं काम ते खरोखर करत होते. धागा एकच होता. त्यांची आई सांगायची, हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापायला आलं होतं, ती मळणीचं खळं सारवायला बसली, अर्धं सारवून झालं आणि कळा सुरू झाल्या. उरलेलं अर्धं खळं शेजारणीने सारवलं. एवढंच. वार नाही, तिथी नाही. आई गेल्यावर मामा सुट्टीच्या दिवशी गावोगाव म्हाताऱ्या माणसांना गाठायला लागले. तलासरीकडे त्यांची एक मावशी होती. तिच्याकडे ते मोठ्या आशेने गेले आणि सोमवारी जीपमध्ये वृत्तान्त आला. मावशीने भरपूर आठवून सांगितलं होतं, की तू झालास त्या दिवशी गाय हरवली होती. मग मामांनी गाय कधी हरवली याचा तपास केला. दुसऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं, गाय नव्हे, रेडा, आणि हरवला नव्हता, विकला होता. यावरून त्या दोघांची इतकी जुंपली की मामांचा जन्म बाजूलाच राहिला, आणि ते एक भला मोठा भोपळा घेऊन परत आले. "भोपळा मिळाला," असं त्यांनी जीपमध्ये जाहीर केलं, आणि तो काकूंना देऊन टाकला. काकूंनी त्या दिवशी त्यांना काही टोमणा मारला नाही, यावरूनच काय ते समजावं.

आणि यंदा मामा निवृत्त झाले. इथेही त्या शाळेच्या तारखेने त्यांना गाठलं. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस नोकरीतून आदल्या दिवशीच मोकळा होतो, असा नियम आहे म्हणे. म्हणून एकतीस मेला आपल्याकडे कचेऱ्या कचेऱ्यांतून नारळांना मागणी असते. "ज्या दिवशी मी जन्मलोच नाही," मामा आदल्या आठवड्यात म्हणाले होते, "त्याच्या आदल्या दिवशी मी म्हातारा होणार. आणि त्या कागदावर शिक्का मीच मारणार."

एकतीस मेला सकाळी त्यांनी जीपमध्ये दिनविशेष सांगितला नाही. आम्हाला वाटलं, संध्याकाळसाठी काहीतरी मोठं राखून ठेवलं असेल. संध्याकाळी परतीच्या जीपमध्ये ते चढले तेव्हा त्यांच्या अंगावर शाल होती, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात कचेरीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. पुढची जागा सगळ्यांनी त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती, पण ते मागे आले आणि माझ्या समोर बसले. एक जूनच्या जागी. घड्याळ मांडीवर ठेवलं. ते चालू होतं. मे महिन्यातल्या त्या उकाड्यात शाल काढायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

चारोटी नाका मागे पडला. शेवटी ड्रायव्हरभाईने आरशात बघून विचारलं, "बोलो मामा, आजे शुं छे?"

"आज काही नाही."

"असं कसं? हलका दिवस का?"

"आज कोणीच जन्मलं नाही," मामा म्हणाले.

"एवढ्या मोठ्या जगात?" काकूंनी रिकामी पाटी मांडीवर ओढली. "काहीतरी सांग रे. टायरचं सांग. बोंबलांचं सांग, मी काही म्हणणार नाही."

मामांनी मांडीवरचं घड्याळ सरळ केलं. अंगणवाडीच्या बाई पदराशी चाळा करत बसल्या. घड्याळाची टिकटिक जीपच्या आवाजातही ऐकू येत होती, का मलाच तसं वाटत होतं, ठाऊक नाही. उद्या ही जीप सुटेल, सगळे एकमेकांना शुभेच्छा देतील, चिकू वाटले जातील आणि या माणसाला बसायला यात जागा नसेल, एवढं माझ्या डोक्यात आलं. बाहेर शेतं कोरडी पडली होती. पेरणी व्हायची होती, मग लावणी, मग सगळा पावसाळा, आणि त्यानंतर कुठे कोणी खळं सारवायला घेणार. ते कधी घेतात हे मला पक्कं माहीत होतं. शाळेत असताना वाढदिवसाच्या सकाळी पोट दुखतं म्हणून घरी राहायचे, तेव्हा आमच्या मागच्या शेतात तेच चाललेलं असायचं आणि मी खिडकीतून ते बघत बसायचे.

"मामा," मी म्हटलं.

जीपमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. ड्रायव्हरभाईचंही, ते वळायला नको होतं. शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखे माझे कान तापले. पण तोंड उघडलं होतं, आता मिटण्यात अर्थ नव्हता.

"माझा वाढदिवस अठरा ऑक्टोबरला असतो," मी म्हटलं. "हळवं भात तेव्हाच कापायला येतं, आणि खळी सारवायला घेतलेली असतात. मला एकटीला तो दिवस फार मोठा होतो. अर्धा तुम्ही घ्या."