पाचव्या बरणीतली मासोळी

पृथ्वीवरचं पाणी आजवर पिण्याजोगं राहिलं ते केवळ आपल्यामुळे, असं माझे साडभाऊ मनापासून मानत. ब्रह्मपुरीच्या पाण्याच्या टाकीत त्यांनी तीस वर्षं ब्लिचिंग पावडर घातली, आणि निवृत्त झाल्यावर उरलेली पावडर बहुधा त्यांच्या स्वभावात उतरली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते घरून उकळून, तीनदा गाळलेलं पाणी तांब्याच्या लोट्यात घेऊन बसत. त्यातला घोट त्यांनी कधी सख्ख्या व्याह्यालाही दिला नाही. एकदा आमच्या हिनं चहात नळाचं पाणी घातलं, तर नुसत्या वासावरून कोणत्या वॉर्डाचा नळ ते त्यांनी सांगितलं. चुकीचंच सांगितलं, पण काय थाटात!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. गर्भपाताच्या गोळ्या गावात नुकत्याच येऊ लागल्या होत्या, आणि माझं औषधांचं दुकान तळ्यासमोर. साडभाऊंच्या हाती कुठून तरी एक कात्रण लागलं: बाया या गोळ्या घेतात, औषध मोरीतून नालीत, नालीतून नदीत जातं आणि नदी नासते. झालं! दुसऱ्या दिवसापासून गृहस्थ माझ्या काउंटरशी स्टूल टाकून बसले. येणाऱ्या प्रत्येक बाईची चिठ्ठी आधी ते वाचत. समोर तळ्यात लोक फवारणीचे पंप धूत, गावच्या नाल्या तिथंच पडत, रंगवलेले गणपती तिथंच बुडत. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "ते आपले लोक आहेत. त्याईले समजावता येते." शेवटी मी गोळ्या मागच्या कपाटात टाकल्या आणि माल संपला म्हणू लागलो. मी भित्रा माणूस. साडभाऊ रुसले की घरात आठ दिवस अळणी वरण मिळतं.

पण त्यांना पुरावा हवा होता. दुकानासमोर मासोळ्या विकणारी देवकाबाई ढिवरीण तळ्याच्या पाण्याचा संशय आला की त्यात एक बारकी मासोळी सोडून बघायची. जगली तर पाणी बरं. साडभाऊंनी ही रीत उचलली. काउंटरवर पाच बरण्या मांडल्या: नाली, तळं, नदी, नळ, आणि पाचवीत उकळून निववलेल्या पाण्यात माझ्याच कपाटातली एक गोळी कुटून. मासोळ्या देवकाबाईच्या. नालीतली तासाभरात उताणी झाली. नळातली दुपारी गेली, तेव्हा साडभाऊंनी टोपी काढली. पाचवीतली मात्र मजेत फिरत होती. ही मासोळीच हट्टी आहे म्हणून त्यांनी ती बदलली. मग आणखी एकदा बदलली. तिसरी तर जाडी होऊ लागली.

चौथ्या दिवशी देवकाबाई टोपलं खाली ठेवून काउंटरशी आली. हातात डॉक्टरची चिठ्ठी. घरी तीन पोरं, चौथं पोटात, आणि गोळ्यांनी मोकळं होता येईल असे दिवस या आठवड्यात संपत होते. आजही माझ्याकडे माल नसला तर गावाबाहेरच्या बाईकडे जायचं ठरवून ती आली होती. ती बाई काडी वापरायची; मागच्या वर्षी तिच्याकडे गेलेली देवकाबाईची जाऊ परत आली नव्हती. हे सगळं तिनं मासोळीचा भाव सांगावा तसं सांगितलं. माझी मान वर होईना. साडभाऊंनी चिठ्ठी वाचली, मग पुन्हा वाचली.

"भाऊ, तुमच्या बरनीतली मासोळी तं जिती आहे," ती म्हणाली. "मी मेलो तं तुमाले मासोळ्या कोन आनून देईन?"

साडभाऊंनी पाचव्या बरणीकडे बघितलं. मग स्टुलावरून उठले, स्टूल तिच्याकडे सरकवलं आणि मला म्हणाले, "कपाट उघडा." पहिली गोळी तिथंच घ्यायची होती. मी माठाकडे वळलो तर त्यांनी मला अडवलं. स्वतःच्या लोट्यातलं पाणी त्यांनी पेल्यात ओतलं आणि पेला तिच्या हातात दिला. त्या दिवसापासून ते दुकानात बसले नाहीत. तळ्याच्या पाळीवर पंप धुणाऱ्यांशी भांडू लागले, आणि शिव्या खाऊ लागले.

गेल्या साली ते गेले. तेरवीला देवकाबाई तिन्ही पोरांना घेऊन आली. फोटोपुढे आमच्या हिनं नळाचं पाणी ठेवलं होतं. देवकाबाईनं तो पेला उचलून बाजूला केला आणि पदराखालून लोटा काढला.

"उकळून तीनदा गाळलं आहे, बाई," ती म्हणाली. "भाऊले दुसरं चालत नाई."